वाटी धुवायची नाही!

सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी एकही भांडं धुतलेलं नाही, हे मी छाती फुगवून सांगत असे! नवाश्मयुग हा माझा विषय. माणूस शेती करायला आणि गुरं पाळायला शिकला, तो काळ. त्या काळच्या भांड्याला आतून चिकटलेला करपट थर प्रयोगशाळेत तपासला की त्यात काय शिजलं होतं ते कळतं. म्हणून उत्खननावर माझा एकच नियम होता: वाटी धुवायची नाही!

हाच नियम मी घरीही पाळला. बायको म्हणायची, "अहो, आयुष्यात एक तरी वाटी धुवा!"

"तत्त्वात बसत नाही," मी म्हणायचो.

सात हजार वर्षांपूर्वी इथली माणसं दूध तापवून पीत होती, असं मी सव्वीस वर्षं घसा फोडून सांगत होतो. परिषदांमध्ये लोक हसले. विभागप्रमुखाची खुर्ची माझ्याच विद्यार्थ्याने पटकावली. ज्याला मी खुरपं धरायला शिकवलं, तो मला म्हणतो, "सर, आधी दूध सिद्ध करा, मग तुमच्या प्राध्यापकपदाचं बघू." निवृत्तीला उरले होते आठ महिने!

आणि शेवटच्या मोसमात ती वाटी सापडली! तळहाताएवढी, अखंड, आत चांगला जाड काळा थर. ती गोदामात ठेवायला हवी होती. पण गोदामाची किल्ली त्या खुर्चीवाल्याकडे. त्याने परस्पर स्वतःच्या नावाने नमुना पाठवला असता तर? मी वाटी कापसात गुंडाळली, बायकोच्या डब्यात घालून घरी आणली आणि फ्रिजवर ठेवली. सोमवारी प्रयोगशाळेचा माणूस येऊन नेणार होता.

रविवारी बायकोला तिचा डबा हवा होता. तिने वाटी अलगद काढून ओट्यावर ठेवली आणि मला सांगायला आली.

"अहो, ओट्यावर..."

"भांडी पडलीत, हेच ना? किती वेळा ऐकायचं!"

"भांडी तर पडलीच आहेत. पण ती काळी..."

"एक शब्द बोलू नकोस! आज मीच धुतो! सगळी!"

तत्त्व गेलं खड्ड्यात. बाह्या सरसावल्या. चष्म्यावर फेस उडाला, तर चष्माही काढून ठेवला. ताटं झाली, पेले झाले, आणि हाताला एक खरबरीत वाटी लागली. आत हा एवढा थर! मी तारेची घासणी उचलली आणि कचाकचा घासायला लागलो.

"दूध करपवलंस ना?" मी आतूनच ओरडलो. "हाताला लागताक्षणी ओळखलं! उगाच नाही सव्वीस वर्षं घालवली!"

"आज मी दूध तापवलंच नाही," ती बाहेरून म्हणाली.

मी चष्मा लावला. वाटी स्वच्छ होती. इतकी स्वच्छ ती सात हजार वर्षांत कधी झाली नसेल.

"तेच सांगत होते," ती दारात येऊन हळूच म्हणाली. मी ओट्याखाली फतकल मारून बसलो आणि खरंच रडलो. तिने एकदाही 'बरं झालं' म्हटलं नाही, त्याचाच जास्त राग आला.

तरी वेड्या आशेने वाटी प्रयोगशाळेत पाठवली. अहवाल आला: भांड्यांच्या साबणातील लिंबाचा अंश ठळक, अन्य निष्कर्ष अशक्य. खुर्चीवाल्याने तो सगळ्या विभागासमोर वाचला आणि म्हणाला, "सर, एवढं लिंबू पिळलं तर दूध फाटणारच!"

सगळे हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार? प्राध्यापकपद राहून गेलं आणि मी निवृत्त झालो.

परवा बायकोला संग्रहालयात घेऊन गेलो. काचेमागे वाटी, खाली खुर्चीवाल्याच्या अक्षरात पाटी: 'मातीची वाटी. उपयोग अज्ञात.'

बायकोने पाटी वाचली, मग माझ्याकडे पाहिलं. "ही पाटी तुमच्या गळ्यात शोभली असती."

तेवढं मात्र मला मान्य नाही. घरात माझा उपयोग आता पक्का ठरला आहे. भांडी रोज मीच घासतो. चष्मा लावून.