साळवेकाकांची जरीची कुंची

ऑनलाईन क्लासला बूट घालून बसणारा माणूस अख्ख्या भिंगारमध्ये एकच, आणि तो नेमका माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो. इस्त्रीचा शर्ट, पट्टा, पॉलिश केलेले बूट. जरदोसीच्या, म्हणजे जरीच्या भरतकामाच्या, त्या क्लासात मोबाईलवर दिसतात फक्त हात! हे मी साळवेकाकांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "ताई, बूट न्हाई घातला तर पाठ सरळ ऱ्हात न्हाई. पाठ वाकडी, तर टाका वाकडा." कप्पाळ माझं!

काका मूळचे तिसगावचे, पण सगळी नोकरी इथे लष्कराच्या शिलाईखात्यात झाली. शेवटी शेवटी तयार कपडे तपासायचं काम होतं. नोकरी सुटली, तपासणी काही सुटली नाही. माझा चहा कधी 'पास', कधी 'रिजेक्ट'. भाजीवाल्याची मेथी रिजेक्ट. गल्लीत नवा गतिरोधक झाला, तर त्यावर उडी मारून पाहिली आणि तोही रिजेक्ट.

याच शब्दानं घात केला. त्यांची एकुलती एक प्रज्ञा पुण्याला नोकरी करते. तिनं पसंत केलेला मुलगा घरी आणला, तर काकांना त्याच्या शर्टाची उसवलेली कॉलर दिसली आणि दारातच तो शब्द तोंडातून गेला. प्रज्ञानं त्याच मुलाशी कोर्टात लग्न केलं आणि येणंजाणं बंद. काकू असत्या तर काहीतरी सावरून घेतलं असतं, पण त्या आधीच गेल्या होत्या.

यंदा प्रज्ञाला मुलगी झाली. फोन आला तेव्हा मी तिथेच होते. ती म्हणाली, "बाबा, बारसं दोन महिन्यांनी करतोय, या. बाळंतविडा वगैरे आणू नका. आणि हुकूम तर मुळीच आणू नका."

काकांनी फोन ठेवला. मग म्हणाले, "बाळंतविडा माहेरचा असतो ताई. तिचं माहेर म्हंजे आता मीच की. आन् म्हने आनू नका!"

बाळाच्या डोक्याला घालायच्या बाजारातल्या कुंच्या बघून झाल्या, सगळ्या रिजेक्ट. कुंची स्वतः शिवायची आणि तिच्यावर जरीचं काम स्वतःच्या हातानं करायचं, असं ठरलं. ती कुंची लेकीनं घेतली तर आपल्याला माफ केलं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. मला मोबाईल लावून द्यायच्या ड्यूटीवर घेतलं.

शिकवणारी शबाना नगरातच राहते, प्रज्ञाच्याच वयाची. रिक्षानं जाता येईल एवढंच अंतर, पण नाव ऑनलाईन नोंदवलंय ना, मग शिकायचं ऑनलाईनच! तिनं "सगळे आलेत का?" विचारलं की काका "हजर, मॅडम!" असे गरजायचे, की मोबाईलमधले बाकीचे हात दचकायचे.

खरी अडचण काकांच्या हाताची होती. फौजी बिल्ला शिवताना दोरा असा खेचायचा, की कापड फाटेल पण बिल्ला निघणार नाही. जरदोसीत असतो दबका, म्हणजे केसाएवढ्या तारेची नाजूक स्प्रिंग. तिचे तुकडे मण्यांसारखे सुईत ओवून हलकेच बसवायचे. काका खेचायचे आणि स्प्रिंगची सरळ तार व्हायची.

"काका, ओढू नका हो!" शबाना कळवळायची.

"ढिला टाका म्हंजे कामचोरी, मॅडम."

"ढिला नको, पण त्याचा गळा तरी दाबू नका!"

तरी जमवलं त्यांनी. निळी मखमल, कडेनं सोनेरी पिंपळपानं. खोटं कशाला सांगू, मला हेवा वाटला.

आणि बारसं चार दिवसांवर आलेलं असताना या गृहस्थांनी त्या कुंचीवर इस्त्री फिरवली! कोळशाची, चांगली जडशीळ. इस्त्री केल्याशिवाय माल बाहेर जात नाही, हा उभ्या आयुष्याचा नेम. दबक्याचा पार पापड झाला, मखमल होरपळली. मी धावत गेले तर काका अनवाणी खाली बसलेले.

"रिजेक्ट," ते हळूच म्हणाले. "कुंची न्हाई ताई, मी. त्या पोराची कॉलर बघितली, पोरगं बघितलंच न्हाई. आता कुंचीबी गेली. कोणत्या तोंडानं जाऊ?"

मला भडभडून आलं, आणि संतापही आला. "चार दिवस आहेत ना अजून? उठा की मग!" मी ओरडलेच. शबानाला फोन लावला. ती म्हणाली, "क्लास राहू द्या, घरी या." तिनं नवी मखमल चौकटीवर ताणून दिली. काका दिवसभर तिच्या पडवीत टाके घालायचे. ओढू नका, असं तिला एकदाही म्हणावं लागलं नाही.

बारशाला त्यांनी मला धीराला म्हणून पुण्याला नेलं. दारात जावई उभा होता. काकांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

प्रज्ञानं कुंची उघडली, उलटीसुलटी करून पाहिली. "छान आहे बाबा," ती कोरडेपणानं म्हणाली. "पण तारेचं काम आहे, बाळाला टोचेल. ठेवून देते कपाटात."



"न्हाई टोचत," काका म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत?"

काका घुटमळले. मग सगळ्या बायकांसमोर डोक्यावरची टोपी काढली आणि तुळतुळीत टकलावर हात ठेवला. "आतून तुझ्या आईच्या लुगड्याचं अस्तर लावलंय. आन् काल रातभर मी हितं घेऊन झोपलो. बाळावानी हितंबी एक केस न्हाई. टोचलं असतं तर आधी मला टोचलं असतं."

प्रज्ञा हसायला लागली आणि हसता हसता रडायला. पाळण्यातून पोरगी उचलून तिनं काकांच्या मांडीवर ठेवली, कुंची त्यांच्या हातात दिली.

"तुम्हीच घाला, बाबा."