तीनची बोट, लाल गॅलिस आणि अर्धा किलो बोकेरोन

प्रकरण पहिले, ज्यात एका असामान्य बुद्धीचा परिचय होतो

कादिझ शहरात बुद्धिमान माणसं दोनच. एक फुल्हेन्सिओ बारेदा. दुसऱ्याचा शोध फुल्हेन्सिओ अजून घेत होता.

त्याची नजर घारीची, कान सशाचे. नाकाबद्दल त्याची बायको कान्देलारिआ म्हणायची, की ते कायम दुसऱ्याच्या दारात असतं. बंदरावरच्या जकात कचेरीत एकतीस वर्षं त्याने परक्यांच्या पेट्यांवर खडूने फुल्या मारल्या होत्या. पेटी न उघडता आत काय आहे ते तो नुसत्या नजरेने ओळखायचा. बरोबर ओळखलं की चूक हे मात्र कळायला मार्ग नसे, कारण पेटी कोणी उघडतच नसे. निवृत्त झाल्यावर त्याने कार्डं छापून घेतली: ‘फुल्हेन्सिओ बारेदा, खासगी तपासनीस. नाजूक, गुंतागुंतीची आणि अशक्य प्रकरणे. दुपारी दोन ते पाच बंद.’

आजवरची प्रकरणं तीन. पहिलं, हरवलेला चष्मा. त्याचाच, कपाळावर सापडला. दुसरं, शेजारणीचा पोपट. आपणहून परत आला. तिसऱ्याचा तपास चालू होता. तोही चष्माच होता.

प्रकरण दुसरे, ज्यात अशक्य प्रकरण चालत येते

दुपारचे बारा. फुल्हेन्सिओ बाजारातल्या कॉफीच्या टपरीवर, तिसरा पेला पुढ्यात घेऊन, वहीत काहीबाही टिपत बसला होता. बायकोने सांगितलेलं एक काम तेवढं राहिलं होतं, पण ते आपलं आपण होत होतं.

तेवढ्यात त्याचा मेहुणा कास्तो आला. कास्तो धक्क्याच्या फाटकाशी गवती टोप्या विकायचा. बोट लागलेल्या दिवशी त्याला श्वास घ्यायला फुरसत नसे, आणि आज बोट लागलेली होती.

“दाजी, गिऱ्हाईक आणलंय. टोपीचं नाही, तुमचं.”

त्याच्यामागे एक उंच, सडपातळ बाई उभी होती. डेन्मार्कची बिर्थे. तरुणपणी मायोर्कातल्या हॉटेलात दोन उन्हाळे काम केल्यामुळे तिला स्पॅनिश येत होती. म्हणजे हॉटेलापुरती.

“माझा नवरा प्रेबेन,” ती म्हणाली. “खोलीत नाही. न्याहारीत नाही. पोहण्याच्या तलावात नाही.”

“म्हणजे हरवला,” फुल्हेन्सिओने निष्कर्ष काढला.

“वा, दाजी!” कास्तो म्हणाला. “मी तर समजत होतो, खोली साफ करायचीय.”

“उंच. पांढरी दाढी. निळी टोपी. पँटला लाल गॅलिस. अकराला घड्याळाखाली भेटायचं. चाळीस वर्षांत एक मिनिट उशीर नाही.” बिर्थेने डोळे टिपले. “बोट तीनला. बोट थांबत नाही. मी थांबणार. मग दोघं इथे. कपडे, औषधं, सगळं बोटीवर.”

फुल्हेन्सिओने डोळे मिटले. चिंतन करतो आहे असं दिसावं म्हणून. खरं सांगायचं तर तो घाबरला होता. पोपटासाठी त्याच्यापुढे कोणी रडलं नव्हतं.

प्रकरण तिसरे: तीन सिद्धान्त

पहिला सिद्धान्त असा, की प्रेबेनला चोरट्या मालवाल्यांनी पळवलं. बंदर आहे, म्हणजे चोरटा माल आलाच.

“पांढऱ्या दाढीचा म्हातारा डेन? त्याला विकून काय मिळणार?” कास्तोने विचारलं.

दुसरा सिद्धान्त नाजूक होता. “बाईसाहेब, आज सकाळी नवऱ्याने सेंट लावला होता का?”

“मलम. गुडघ्याला.”

दुसरा सिद्धान्त तिथेच वारला.

तिसरा सिद्धान्त मांडायची वेळच आली नाही, कारण चौकात एक उंच माणूस पाठमोरा जाताना दिसला. बाजूने पांढरी दाढी दिसत होती. फुल्हेन्सिओने ओळख लपवण्यासाठी चष्मा काढला आणि पाठलाग सुरू केला. चाळीस मिनिटं. गल्ल्यांतून, वाऱ्यातून. आज पूर्वेचा वारा सुटला होता, तो सुटला की कादिझमधली शहाणी माणसं घराबाहेर पडत नाहीत. शेवटी एका दारापाशी त्याने त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला. “खेळ संपला!”

माणूस वळला. ते कॅथेड्रलचे धर्मगुरू होते. फुल्हेन्सिओचं लग्न त्यांनीच लावलं होतं.

“फुल्हेन्सिओ, बाळा, कबुलीजबाब द्यायचा असेल तर सहानंतर ये.”

मागून धापा टाकत कास्तो आला. “दाजी, चष्मा लावा हो. यांच्या अंगात झगा आहे. झग्यावर गॅलिस कोण लावतं?”

प्रकरण चौथे

रद्द. (त्यात तपासनीस तरबेजपणे एका जर्मन प्रवाशाला पोलिसांच्या ताब्यात देतो. जर्मन प्रवाशाची आणि पोलिसांची माफी मागून झाली आहे.)

प्रकरण पाचवे, टेलिफोनवर

दोन वाजून दहा मिनिटं. बिर्थे धक्क्यावरच्या घड्याळाखाली एकटी उभी होती, कारण प्रेबेन आला तर तिथेच येईल. तिच्यापर्यंत जाऊन ‘सापडला नाही’ म्हणायचं धाडस फुल्हेन्सिओला होत नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला. कान्देलारिआ.

“माझे बोकेरोन कुठेत? तेल तापून गार झालं.”

“कान्देलारिआ, मी एका उंच, पांढऱ्या दाढीच्या, लाल गॅलिसवाल्या माणसाला शोधतोय. माणसाच्या आयुष्याचा प्रश्न आहे आणि तू मासे काय घेऊन बसलीस!”

“बरं. शोध. मी मासळीच्या गाळ्यावर एका उंच, पांढऱ्या दाढीच्या, लाल गॅलिसवाल्या माणसाच्या मागे रांगेत आहे. सापडला की कळव.”

प्रकरण शून्य, जे खरं तर सगळ्यात आधी यायला हवं होतं

कादिझच्या मासळीबाजारात रांगेत कोणी उभं राहत नाही. गाळ्यापाशी यायचं, “शेवटचं कोण?” म्हणून विचारायचं. कोणीतरी हात वर करतं. तो चेहरा लक्षात ठेवायचा आणि खुशाल कॉफीला निघून जायचं. रांग पायांत नसते, डोक्यात असते.

सकाळी साडेदहाला फुल्हेन्सिओ गाळ्यापाशी आला. “शेवटचं कोण?”

मिठाच्या खोक्यावर बसून कौतुकाने मासे बघणाऱ्या एका उंच म्हाताऱ्याने हसून हात वर केला. फुल्हेन्सिओने त्याचा चेहरा मनात कोरून घेतला आणि समोर कॉफीला जाऊन बसला.

चेहरा लक्षात ठेवण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नसे.

प्रकरण सहावे

गाळ्यापाशी सतरा माणसं भांडत होती. मधोमध खोक्यावर प्रेबेन. एका हातात कोळंबीचा द्रोण, दुसऱ्यात वाइनचा पेला.

झालं होतं ते इतकंच, की जो कोणी “शेवटचं कोण?” विचारी, त्याला प्रेबेन हसून हात वर करी. स्पॅनिश येत नसल्यामुळे त्याला वाटलं, इथे नमस्कार असा करतात. त्यामुळे सतराच्या सतरा जणांचा नंबर प्रेबेनच्या लगेच मागे होता. वाद बाराला पेटला. मागून आलेले तो बघून परस्पर घरी गेले. अकरा वाजल्यापासून प्रेबेन उठून घड्याळ दाखवी, तेव्हा लोक म्हणत, “हो ना, आजोबा, बघा ना किती उशीर!” आणि कोळंबी देऊन त्याला पुन्हा बसवत.

“याला बोटीवर न्यायचंय,” फुल्हेन्सिओ म्हणाला.

“हा गेला तर पहिला नंबर माझा होता हे कोण सांगणार?” हिरव्या स्कर्टवाली कडाडली.

“तुझा? माझा होता!”

कोळीण मिलाग्रोसने सुरा फळीवर आपटला. “नंबर ठरल्याशिवाय म्हातारा हलणार नाही. नाहीतर उद्यापर्यंत माझ्या गाळ्यावर डोकी फुटतील.”

दोन वाजून बावीस.

फुल्हेन्सिओ गप्प राहू शकला असता. मग त्याला घड्याळाखाली उभी असलेली बिर्थे आठवली. तो शेजारच्या खोक्यावर चढला.

“मंडळी, याच्या मागे पहिला मी होतो. साडेदहाला. यानेच मला हात केला. आणि बारापासून मी यालाच शोधतोय. शहरभर.”

आधी मिलाग्रोस हसायला लागली, मग सगळा बाजार. कास्तो तर खाली बसला.

कान्देलारिआ हसली नाही. तिने त्याच्या खिशातून वही काढली. “टपरीवर बसून काय लिहीत होतास?”

“संशयितांची यादी. बाजारात कोण कोण शिरलं.”

तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. “दहा चौतीस. हिरवा स्कर्ट. चाल संशयास्पद.”

“मीच ती!... संशयास्पद?”

“दहा एक्केचाळीस. लसणीची माळ घेतलेला इसम. बहुधा खोट्या नावाने वावरतो.”

“मी! मी!”

माणसं अपमान गिळत, आनंदाने एकामागे एक उभी राहू लागली. शेवटची नोंद होती: ‘अकरा अठ्ठावन्न. मासळीच्या गाळ्यापाशी भांडण. प्रकरणाशी संबंध नाही.’

दोन वाजून एकतीस.

प्रकरण शेवटचे

वारा तोंडावर घेत कास्तोसह तिघं पळाले. प्रेबेन सगळ्यात पुढे. कोळंबीने त्याचे गुडघे बरे केले असावेत. शिडीपाशीचा माणूस घड्याळ बघत होता. बिर्थेने नवऱ्याला आधी मिठी मारली, मग त्याच्या दंडावर एक सणसणीत चापट मारली. प्रेबेन तिला काहीतरी सांगत राहिला.

“तो म्हणतो, फार प्रेमळ शहर,” बिर्थेने डोळे पुसत सांगितलं. “सगळ्यांनी बसवून खायला दिलं. आणि म्हणतो, तुम्हाला त्याने ओळखलं. सकाळी सगळ्यात आधी तुम्हीच त्याला नमस्कार केलात.”

फुल्हेन्सिओने आपलं कार्ड तिला द्यायला काढलं, वाचलं, आणि परत खिशात ठेवलं.

तीनला भोंगा झाला. तो बाजारात परतला तेव्हा रांग सरळ सरकत होती. फळीवर मूठभर बोकेरोन उरले होते.

“तुझा नंबर येऊन गेला,” कान्देलारिआ म्हणाली. “हजर नसलं की शेवटी. नियम तुला माहीत आहे.”

“आणि तू?”

“मी घरी जातेय. तेल पुन्हा तापवायचंय.”

तो मिठाच्या खोक्यावर टेकला. तेवढ्यात टोपली घेतलेली एक बाई घाईघाईने आत आली.

“शेवटचं कोण?”

आणि त्या दिवसात पहिल्यांदाच अचूक उत्तर माहीत असलेल्या फुल्हेन्सिओ बारेदाने हात वर केला.