बुटांची तक्रार

जयसिंग जाधवांचे नवे सेफ्टी शूज पंधरा दिवसांत घट्ट झाले. चाकणच्या कंपनीत सत्तावीस वर्षं काढलेल्या माणसाने जे करायचं तेच त्यांनी केलं. तक्रार केली. पायांचं हे दुखणं जिवावर बेतणारं आहे, हे चिखलीतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात कुणाच्या मनात आलं नाही.

"पाय सुजलेत का, बाबा?" तनुजाने विचारलं. घरात ती एकुलती एक मुलगी आणि ते, दोघंच.

"सुजायला काय झालं? बुटांचा लॉटच खराब आलाय."

"मग झोपताना तीन उशा कशाला लागतात?"

"हल्लीच्या उशांत कापूस असतो कुठं?"

"आणि जिन्यात दोनदा थांबता ते?"

"बिल्डरनं पायऱ्या उंच बांधल्यात."

"महिन्यात चार किलो वजन वाढलं!"

"तुझ्या हातची भाकरी."

या उत्तराने तनुजा सुखावली आणि पुढचं विचारायची राहिली.

तक्रार युनियनच्या नवनाथांकडे गेली. "एकट्याचं कोण ऐकतंय, जयसिंगराव? सगळ्यांचेच बूट चावतायत असं लिहू." बेचाळीस जणांनी सह्या केल्या. सह्या झाल्यावर बूट खरोखरच चावू लागले. तिघं लंगडत कामावर आले. एकजण निषेध म्हणून चपला घालून आला आणि गेटवरूनच परत गेला. शेवटी कंपनीने बूटवाल्याचा माणूस बोलावला. त्याने भर दुपारी कँटीनमध्ये बेचाळीस जणांचे पाय मोजले. एक्केचाळीस जणांचे पाय जुन्याच नंबराचे निघाले. जयसिंगांचे दोन नंबर मोठे.

"काका, सत्तावन्नाव्या वर्षी पाय वाढत नसतात."

कँटीन हसलं. जयसिंगही हसले, पण हसता हसता खोकला लागला तो थांबेना.

कंपनीच्या डॉक्टरांनी त्यांच्या नडगीवर अंगठा दाबून उचलला. खड्डा तसाच राहिला. "हृदयाचा जोर कमी झालाय," ते म्हणाले. "रक्त पुढं ढकललं जात नाही, म्हणून पाणी पायांत आणि फुफ्फुसांत साठतंय. वाढलेलं वजनही पाण्याचंच. बीपीची गोळी चालू आहे ना?"

"बरं वाटायला लागलं म्हणून सोडली. दोन वर्षं झाली."

औषधांनी आणखी चौदा महिने दिले.

जयसिंगांच्या तेराव्यानंतर एका संध्याकाळी नवनाथ शिफ्टवरून थेट भेटायला आले. जिना चढून आल्यावर बराच वेळ चौकट धरून उभे राहिले. बूटमोजे काढून खुर्चीत बसले, तशी तनुजा त्यांच्या पायांशी वाकली.

"असू दे पोरी, सुखी राहा," म्हणताना त्यांचे डोळे भरून आले.

तिने नमस्कार केलाच नव्हता. फुगलेल्या घोट्यावर मोज्याचा खोल वळ होता, त्यावर ती बोट फिरवत होती.

"काका, बूट घाला. दवाखान्यात जायचंय."

"आत्ता? अगं, मी तुला धीर द्यायला आलोय."

"तो रिक्षात द्या."