तिझाओनाचं वजन आणि मामांचा होकार

"ईस्टरपर्यंत चार किलो उतरवतो! त्यात काय एवढं!" चिफुनिरो म्हणाला.

असं म्हणायचा त्याला अधिकार होता. झोम्बा गावच्या शाळेत तो खेळाचा मास्तर. त्याने भल्याभल्या आळशी पोरांना डोंगराला वळसा घालून पळवत आणलं होतं. एकदा तर खुद्द हेडमास्तरांना दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या होत्या! हेडमास्तर त्यानंतर आठवडाभर रजेवर होते, पण उड्या मारल्या हे खरं. तिथे एका कुत्रीची काय कथा?

ती कुत्री दवाखान्याच्या जमिनीवर उलट्या ठेवलेल्या पातेल्यासारखी बसली होती. नाव तिझाओना, म्हणजे 'बघून घेऊ'. शेजाऱ्याला तोंडावर बोलता येत नाही ते कुत्र्याच्या नावात घालायचं आणि रोज संध्याकाळी अंगणात उभं राहून मोठ्याने हाक मारायची, ही आमच्याकडची सभ्य पद्धत. चिफुनिरोचं ज्या शेजाऱ्याशी भांडण होतं तो केव्हाच घर सोडून गेला होता. नाव राहिलं.

तिझाओनाचं ऑपरेशन ऑक्टोबरात झालं, पिल्लं होऊ नयेत म्हणून. ते जनावरांच्या डॉक्टर झिओनेने केलं. टाके कुत्रीला पडले आणि रडला चिफुनिरो. घरी पाठवताना झिओनेने नीट समजावलं होतं, "हिला आता भूक जास्त लागेल, पण अंगाला अन्न कमी लागेल. रोजचं खाणं पाव हिश्शाने कमी कर." चिफुनिरोने मान डोलावली. घरी येईपर्यंत त्यातलं 'भूक जास्त लागेल' एवढंच त्याच्या डोक्यात शिल्लक होतं. बाळंतिणीचं करावं तसं त्याने तिचं केलं! सकाळी शेंगदाण्याचं कूट घातलेली लापशी, दुपारी मक्याचं पीठ शिजवून केलेल्या न्सिमाचा मूठभर गोळा, रात्री बकऱ्याचा रस्सा. नाताळपर्यंत तिझाओनाची कंबर नेमकी कुठे होती हे आठवावं लागायला लागलं.

नाताळच्या आठवड्यात दवाखान्याच्या काट्याने पंचवीस किलो दाखवले आणि त्याच क्षणी तो कायमचा बंद पडला.

"योगायोग आहे," झिओने म्हणाली. पण म्हणताना तिने कुत्रीकडे पाहिलं.

आणि अशा मुहूर्तावर चिफुनिरोने झिओनेला लग्नाचं विचारलं!

झिओनेने हातमोजे काढले. "चिफू, हिचे गुडघे जातील अशाने. एक मुकं जनावर तुझ्याकडे बघतं आणि तुला 'नाही' म्हणता येत नाही. उद्या आपली बोलणारी पोरं बघायला लागली तर? गडगडत शाळेत जातील ती!"

"म्हणजे नाही?"

"म्हणजे ईस्टरला हिला एकवीस किलोची करून दाखव. मग रीतीप्रमाणे माझे मामा तुझ्या मामांशी लग्नाचं बोलतील."

तेव्हा तो ते ईस्टरचं वाक्य बोलला.

दुसऱ्या दिवसापासून घरात लष्करी राजवट आली. मोजून एक डबा खाणं, त्यात अर्धा उकडलेला भोपळा, बिनमिठाचा. थोडे वाल, थोडं मांस. बक्षीस म्हणून वाळवलेले उसिपा मासे तीन, तेही बोटाच्या पेराएवढे. सकाळ-संध्याकाळ डोंगराच्या पायथ्यापर्यंत फेरी.

तिझाओनाने भोपळ्याचा वास घेतला आणि चिफुनिरोकडे असं पाहिलं, जणू तो तिच्या आईबद्दल काही बोलला होता. मग ती डब्यासमोर आडवी झाली. डोळे ओले, कान पडलेले, अधूनमधून एक सुस्कारा. चिफुनिरोला घास गिळेना. तो आपलं ताट घेऊन न्हाणीघरात जेवायला लागला. ती दाराबाहेर बसून सुस्कारत राहिली. पण त्याने दार उघडलं नाही! एकदाही नाही!

घरात डाळ शिजेना म्हटल्यावर तिझाओनाने व्यवसाय गल्लीत हलवला.

ती पहिल्यांदा चिपेताकाकूंच्या दारात जाऊन उभी राहिली. काकू चर्चच्या महिला गटाच्या पुढारी. गल्लीत कोण आजारी, कोण रुसलेलं, कोणाचं छप्पर गळतंय, सगळं त्यांना आधी कळायचं. तिझाओनाने त्यांच्यासमोर एक पाय किंचित लटपटवला. तो पाय घरी कधीच लटपटत नसे.

त्या संध्याकाळी आठ बायका पांढरे ब्लाऊज घालून, गाणं म्हणत, पिठाचं पोतं घेऊन चिफुनिरोच्या अंगणात आल्या.

"हे काय, काकू?"

"काही बोलू नकोस, बाळा. पगार लांबलाय ना तुम्हा मास्तरांचा? आम्हाला कळलंय."

"पगार वेळेवर झालाय!"

"हो हो, झालाय." काकूंनी बाकीच्या सात जणींकडे पाहिलं. सातही जणींनी मान हलवली. "तू सांगणार नाहीस. पण कुत्री सांगते ना!"

"अहो, तिचं वजन कमी करतोय मी! मुद्दाम कमी खायला घालतोय!"

एका बाईने तोंडावर हात ठेवला.

"मुद्दाम उपाशी ठेवतोस?" काकूंनी हळूच विचारलं. "देवाने दिलेलं अंग मुद्दाम उतरवायचं? का पण?"

"डॉक्टरांनी सांगितलंय!"

"कुठल्या डॉक्टरांनी?"

"जिच्याशी मला लग्न करायचंय तिने."

"अगं बाई!" काकू म्हणाल्या. "त्याची बुद्धीही गेली!" आणि त्यांनी तिथल्या तिथे प्रार्थना सुरू केली. ती बरीच चालली. तेवढ्यात तिझाओनाने पोत्याला मागच्या बाजूने भोक पाडलं.

मग चिफुनिरोने पाटी केली. पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: 'मी जेवले आहे. कृपया खायला देऊ नये.' ती कुत्रीच्या गळ्यात बांधली. सुटला प्रश्न!

काकूंनी पाटी दोनदा वाचली आणि पदराने डोळे पुसले. "किती स्वाभिमानी पोरगा!" म्हणाल्या आणि तिझाओनाला उकडलेलं अंडं दिलं.

पण चिफुनिरो हटला नाही. तो दारोदार गेला. प्रत्येक घरात बसून गुडघ्याचा सांधा कसा झिजतो हे स्वतः चौपायी चालून दाखवलं. काकूंच्या अंगणात त्याने लंगडत दोन फेऱ्या मारल्या तेव्हा मात्र काकू हादरल्या. "असं होतं तिला? मग आधी का नाही दाखवलंस?" त्यांनी महिला गटात ठराव केला: तिझाओनाला कोणी काही देणार नाही. आणि आमच्याकडे महिला गटाने ठरवलं की पाऊससुद्धा विचारून पडतो! फेब्रुवारीत तिझाओनाला मान फुटली. मार्चमध्ये कंबर सापडली! डोंगराच्या फेरीत ती पुढे आणि चिफुनिरो मागे धापा टाकत, असं दिसायला लागलं.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी मात्र झिओने दारात उभी राहिली, चेहरा पाडून.

"मामा नाही म्हणताहेत."

"का?"

"ते तुझी चौकशी करून गेले गल्लीत. गुपचूप, दोन-तीन महिने, रीतीप्रमाणे. म्हणतात, त्या घरात उपासमार आहे. कुत्रीची हाडं दिसायला लागलीत, गळ्यात भिकाऱ्यासारखी पाटी आहे. तिथे भाची द्यायची नाही."

"पण तूच तर…"

"मी सांगितलं त्यांना. म्हणाले, डॉक्टर असशील, पण मामा मी आहे. वजन त्यांच्या डोळ्यांसमोर करायचं. आत्ता, बाजारात."

दवाखान्याचा काटा नाताळपासून मेलेला होता. बाजारात मक्याचे व्यापारी सादिकीशेठ यांचा मोठा काटा होता. तिथे मामा ब्वानाली छत्री टेकून उभे होते. कोट, टोपी आणि कपाळावर न्यायाधीशाच्या आठ्या. हां हां म्हणता भोवती अर्धा बाजार जमला. काकू आणि त्यांचा गट सगळ्यात पुढे.

चिफुनिरोने कुत्री उचलून काट्यावर ठेवली. सादिकीशेठ काटा मागेपुढे करायच्या मागच्या स्क्रूला हात घालत म्हणाले, "मास्तर, विकताय की विकत घेताय?"

"म्हणजे?"

"म्हणजे त्याप्रमाणे लावतो ना!"

मामांना कुत्री जड हवी, झिओनेला हलकी. आणि समोर दोन्हीकडे झुकायला तयार असलेला काटा! क्षणभर मोह झाला त्याला. पण तो म्हणाला, "शेठ, खरं वजन करा."

सादिकीशेठ गोंधळले. हा प्रकार त्यांना नवीन होता.

शेवटी झिओने पुढे झाली. शेजारच्या दुकानातून तिने सिमेंटची न फोडलेली पन्नास किलोची गोणी आणवली, काट्यावर टाकली आणि काटा पन्नासवर येईपर्यंत स्क्रू पिळला. पिळायला बराच वेळ लागला. तेवढा वेळ सादिकीशेठ ढगांचं निरीक्षण करत होते.

मग तिझाओना चढली. काटा हलला, थरथरला, थांबला.

साडेएकवीस.

"अर्धा किलो जास्त," झिओने हळू आवाजात म्हणाली.

"साडेतीन किलो कमी!" मामा गरजले. "उपासमार!"

एकाच काट्यावर चिफुनिरो एकाच वेळी दोन्हीकडून नापास झाला! असा निकाल त्याच्या शाळेतही कधी लागला नव्हता.

तेवढ्यात तिझाओनाने हवेत नाक वर केलं. शेपटी फिरली. मान, कंबर, चारही गुडघे ठणठणीत! तिने काट्यावरून अशी झेप घेतली की गर्दीने "अरे वा!" म्हटलं, आणि ती थेट मामांच्या छातीवर आदळली. टोपी उडाली. मामा म्हणाले, "अगं, इथे नको! इथे नको!"

सगळे ऐकत होते.

तिझाओनाने सवयीच्या सफाईने मामांच्या कोटाच्या डाव्या खिशात तोंड घातलं आणि कागदात गुंडाळलेलं बकऱ्याचं तळलेलं मांस बाहेर काढलं.

"मामा!" झिओने म्हणाली.

"चौकशीला यायचो तेव्हा… थोडंसं…"

"किती वेळा यायचात चौकशीला?"

"चौकशी नीट करावी लागते!"

"अर्धा किलो कुठून आला ते कळलं," झिओने म्हणाली. आणि ती हसली! नाताळनंतर पहिल्यांदा चिफुनिरोने ते हसू पाहिलं.

मामांनी टोपी झटकली. ते चिफुनिरोकडे वळले. मग म्हणाले, "पोरा, ती अशी समोर बसायची. पाय लटपटवायची. आणि तू रोज नाही म्हणायचास?"

"रोज, मामा."

"मला एकदाही जमलं नाही." मामांनी छत्री जमिनीवर आपटली. "उद्या आमच्याकडचे पाहुणे महिनाभर राहायला येतील. आल्यावर हलणार नाहीत. त्यांनाही नाही म्हणशील?"

"म्हणेन."

"मला?"

चिफुनिरोने झिओनेकडे पाहिलं. "तुम्हाला नाही, मामा."

"मग ठरलं!"

बायकांनी असा आनंदाचा चीत्कार केला की बाजारातल्या साऱ्या कोंबड्या उडाल्या. काकू सगळ्यांना सांगत सुटल्या, "आमच्या गटाने उतरवलं तिचं वजन!" आणि चिफुनिरो कुत्रीला खांद्यावर घेऊन बाजारातून मिरवत घरी गेला, फुटबॉलचा चषक जिंकल्यासारखा.

पुढच्या महिन्यात साखरपुडा झाला. आमच्या रीतीप्रमाणे दोन्हीकडच्या मामांनी जिवंत कोंबडा आणि कोंबडी एकमेकांच्या हातात दिली. कोंबडा म्हणजे मुलगा, कोंबडी म्हणजे मुलगी. ढोल वाजले. मामा ब्वानालींनी कोंबडा सगळ्यांना दिसावा म्हणून उंच धरला, आणि एकवीस किलोची, हलकी, चपळ, निरोगी तिझाओना पाहुण्यांच्या डोक्यांवरून आली! कोंबडा घेऊन मंडपाखालून पसार! परत आली तेव्हा तिच्या नाकावर एक पीस होतं.

ढोल थांबले. नवरामुलगा गेला होता.

मामांनी घसा खाकरला. "देवाणघेवाण आधी झाली होती," ते म्हणाले. "त्यानंतर कोंबडा कोणाच्या पोटात जातो, याबद्दल रीत काही सांगत नाही."

सगळ्यांनी झिओनेकडे पाहिलं. ती नव्या कपड्यांत, मण्यांच्या माळांत उभी होती. तिने शांतपणे चिफुनिरोला विचारलं, "कोंबडा किती किलोचा होता?"

"दोन."

"मग आठवडाभर नुसता भोपळा."

"तिला?"

झिओनेने मंडपात तीन ताटं संपवलेल्या आपल्या होणाऱ्या नवऱ्याच्या पोटाकडे पाहिलं.

"तिलाही," ती म्हणाली.