मुंगीचं खुर्र

नवऱ्याने जेवणाच्या टेबलावर एक चपटी, चकचकीत वस्तू ठेवली आणि घरातल्या गाण्यांची खरखर आजपासून बंद, असं जाहीर करून टाकलं. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना "आता स्पष्ट दिसतंय का?" असं विचारून विचारून त्याला जगात काहीच अस्पष्ट खपेनासं झालं होतं. जुना प्लेअर साबणाच्या वडीएवढा होता. त्याच्या सेलचं झाकण रबरबँडने बांधलेलं आणि पुढचं गाणं लावायचं बटण आत गेलेलं, ते केसांच्या पिनेने दाबावं लागे. नव्याच्या बदल्यात नवरा तो प्लेअरवाल्याला देऊनही आला होता.

"देऊन आलास? मला न विचारता?" ती म्हणाली.

"अगं, गाणी सगळी यात घेतलीयेत. एक कचरा फाईल होती तेवढी काढून टाकली. आता ऐक, बासरीवाला श्वास घेतो तोसुद्धा ऐकू येतो."

बासरीवाल्याच्या श्वासाशी तिला काही देणंघेणं नव्हतं. तिचा जीव अडकला होता दुपारच्या एका तासात. दीड वर्षाची लेक मुंगी जेवून आडवी व्हायची, उशीखालचा प्लेअर वाजायला लागायचा, आणि पोरीचे डोळे मिटायचे. मग दार लावून ती मुद्रितं तपासायला घ्यायची. म्हणजे आधी जरा पाठ टेकायची आणि मग घ्यायची. प्रकाशकांचा हिरव्या बांधणीचा जाडजूड ग्रंथ कित्येक आठवडे तिच्या उशाशी होता आणि या शुक्रवारी तो परत द्यायचाच होता. त्या तासात दारावर टकटक करायची नाही, मिक्सर लावायचा नाही, शिंकायचं असेल तर गच्चीत जाऊन शिंकायचं, असा घरात कडक नियम होता. आईचं काम चाललंय.

पहिल्याच दुपारी नव्या प्लेअरवर बासरी झाली, सतार झाली, पाण्याची झुळझुळ झाली. सगळं इतकं स्वच्छ की मुंगी उठून बसली. तिने प्लेअरवर चापट मारली, त्याच्या खाली वाकून पाहिलं, आणि आईला विचारलं, "खुर्र?"

खुर्र काही येईना. मग मुंगीने जे भोकाड पसरलं ते दिवेलागणीपर्यंत पुरलं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी नवऱ्याला घाम फुटला आणि त्याने कबूल केलं की ती कचरा फाईल जरा लांबलचक होती. पाण्याचा पंप कोरडा चालावा तसा आवाज. बाजूचं रेकॉर्डचं बटण कधीतरी उशीखाली दाबलं गेलं असणार. त्याने तो आवाज नाकाने काढून दाखवला. मुंगी रडायची थांबली, त्याच्याकडे आशेने बघायला लागली, आणि नक्कल आहे हे कळल्यावर दुप्पट जोराने रडली.

"हे तर घोरणं झालं," तो म्हणाला.

"बाबांचं," ती लगेच म्हणाली. "भिंत किती पातळ आहे."

भिंतीपलीकडच्या आरामखुर्चीत सासरे बसत. फुटबॉलचे निवृत्त पंच. मैदान सुटून वर्षं झाली तरी घरात सगळे त्यांना पंचच म्हणत, कारण निकाल देण्याची सवय काही सुटली नव्हती. दुपारी त्यांची मान छातीवर पडे आणि खिडकीची तावदानं थरथरत. पण मी घोरत नाही, डोळे मिटून विचार करतो, हा त्यांचा निकाल कायम होता. त्यावर अपील नव्हतं.

त्यामुळे चोरूनच रेकॉर्ड करायचं ठरलं. त्या दुपारी पंचांना आग्रह करकरून वाढलं, पडदे ओढले, पायांखाली उशी दिली. एवढी सेवा कशासाठी, असं त्यांनी दोनदा विचारलं आणि तिसऱ्यांदा विचारता विचारता झोपले. नवरा चवड्यांवर चालत गेला, प्लेअर त्यांच्या हनुवटीखाली धरला आणि काचेवर बोट टेकवलं. जुन्याला पिन लागायची, पण तो मुका तरी होता. नव्यातून एक बाई अतिशय गोड आवाजात म्हणाली, "ध्वनिमुद्रण सुरू झाले आहे."

पंच ताडकन उठले. "कोण बाई आली?"

मग सगळं सांगावंच लागलं. पंचांचा हात जुन्या सवयीने शर्टाच्या खिशाकडे गेला; पिवळं कार्ड नव्हतं म्हणून चष्म्याचं घर बाहेर काढून त्यांनी ते मुलासमोर धरलं. हा आरोप धादांत खोटा आहे, पुरावा काहीही नाही, आणि स्वतःच्या बापावर पाळत ठेवणारा मुलगा त्यांनी मैदानात पाहिला नव्हता. तेवढ्यात रडून सुजलेल्या डोळ्यांची मुंगी दारात आली आणि म्हणाली, "आबा, खुर्र?"

पंच विरघळले. घोरत ते नव्हतेच, पण नातीसाठी प्रयत्न करून बघायला त्यांची हरकत नव्हती. मात्र घोरायचंय म्हटल्यावर झोप कुठली यायला. त्यांनी कूस बदलली, पाणी मागितलं, सगळ्यांना हाकललं आणि अखेर संध्याकाळी वर्तमानपत्र तोंडावर घेऊन असा काही विचार केला की कागद वर-खाली व्हायला लागला. या खेपेला नवऱ्याने बाईचा आवाज आधीच बंद करून ठेवला होता.

शुक्रवार उजाडला. दुपारी सगळे मुंगीभोवती जमले आणि पंचांचं घोरणं लावलं. मुंगीने मान तिरपी करून नीट ऐकलं. मग प्लेअर आजोबांच्या हातात परत दिला. "हे नाई," ती म्हणाली.

पंचांचा चेहरा पडला. "काय कमी आहे यात? दम आहे, लय आहे. अजून काय पाहिजे तिला?"

"बाबा, तुम्ही तर घोरत नाही," सून म्हणाली.

"तो प्रश्न वेगळा."

दोघा बापलेकांचं पुढे बराच वेळ चाललं होतं, आवाज वाढवून लावावा की पंचांनी पुन्हा एकदा, जरा मोकळ्या गळ्याने. तिला ऐकवेना. चार दिवस तो एक तास हरवला होता, डोळ्यांत वाळू भरली होती, आणि संध्याकाळी प्रकाशकांचा माणूस येणार होता. तिने मुंगीला कडेवर घेतलं, खोलीत आली, आणि दार लावायचंही भान न राहता गादीवर जरा पाठ टेकली. पाचच मिनिटं. मग ग्रंथ.

जाग आली तेव्हा उन्हाची तिरीप समोरच्या भिंतीवर चढली होती. मुंगी तिच्या दंडावर गाढ झोपलेली, तोंड उघडं, एक पाय हिरव्या ग्रंथावर. दारात पंच उभे होते, दोन्ही हातांनी प्लेअर छातीशी धरून, तोल सांभाळत. मागे नवरा, हाताने तोंड दाबून, खांदे हलवत. पंचांनी हळूच काचेवर बोट ठेवलं आणि प्लेअरमधून निघालं ते पाण्याचा पंप कोरडा चालावा तसं, लांबलचक, मध्येच बारीक शिट्टी असलेलं. मुंगीने झोपेतच आईच्या पोटात डोकं खुपसलं.

नवऱ्याने तोंडावरचा हात काढला. "म्हणजे इतके आठवडे दार लावून जे काम चाललं होतं..."

तिने पंचांकडे पाहिलं. नजर अजिबात चुकवली नाही.

"मी डोळे मिटून विचार करत होते," ती म्हणाली.

आयुष्यभराचे निकाल पंचांच्या चेहऱ्यावरून सरकून गेले असावेत. मग त्यांनी खिशातून चष्म्याचं घर काढलं, मागे वळून मुलापुढे धरलं आणि त्याला बाहेरची वाट दाखवली.

"हस नंतर. प्रकाशकांना फोन कर, काम सोमवारी मिळेल म्हणून सांग," दार ओढून घेता घेता ते कुजबुजले. "त्या दोघी अजून विचार करतायत."