भोईरकाकांची काटछाट

भोईरकाकांनी आमच्या ऑफिसातल्या घड्याळाचा सेकंदकाटा उपटला, तेव्हा मला तिथे नोकरीला लागून जेमतेम आठवडा झाला होता. ते स्टुलावर चढले, काच काढली, चिमट्याने काटा ओढला आणि खिशात टाकला.

"काका, हे काय?"

"सेकंद बगून कोन काम करतो इथं? यो नसला तर अडंल का?"

खरंच काही अडलं नाही.

आनंदनगरच्या एमआयडीसीत आमचा कारखाना औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनवतो. भोईरकाका मेंटेनन्सला, मी स्टोअरमध्ये. मुरबाडकडच्या आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. त्यामुळे ही नोकरी मला फार मोठी वाटायची. आणि इतक्या मोठ्या जागी स्टुलावर चढून घड्याळ मोडणाऱ्या माणसाला कुणी काही बोलत नाही, याचं नवल वाटायचं.

काका मूळचे इथल्याच चिखलोली गावचे. समोर दिसेल त्यातून काहीतरी कमी करायचं, हा त्यांचा ध्यास. चहाचा शेवटचा घोट सगळेच टाकतात, हे त्यांनी पंधरा दिवस मोरीपाशी उभं राहून पाहिलं आणि कप लहान करायला लावले. जिन्यावरच्या दोन ट्यूबलाइटपैकी एक काढली. माझ्या स्टोअरच्या फॉर्मची तिसरी प्रत बंद केली. बोलणंसुद्धा त्यांना जास्त चालत नसे. कुणी दारात उभं राहून मशीनची तक्रार सांगू लागलं की हात वर करायचे, "तोंडानं नको, चिठ्ठी दे." मी एकदा अदबीने मोठी चिठ्ठी लिहिली. 'आदरणीय', 'कृपया', 'आपला नम्र' यांच्यावर काट मारून ती परत आली. खाली शेरा: 'मशीन नं. ४ बंद' येवढंच लिव.

मुलीच्या लग्नाची पत्रिकाही त्यांनी अशीच छाटली. 'सोमवारी दुपारी मुलीचं लग्न. जेवायला या.' संपलं. ठिकाण का नाही, तर गावात हॉल एकच! पण मधल्या काळात आणखी दोन झाले होते, हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. बदलापूरहून आलेला लांबचा एक पाहुणा तिसऱ्याच लग्नात श्रीखंड खाऊन, आहेर देऊन, वधूवरांना आशीर्वाद देऊन मग चौकशी करू लागला.

निवडणुकीत एक उमेदवार गेटवर पत्रकं वाटायला आला. काकांनी चष्मा लावून पत्रक वाचलं आणि पेन काढलं. "साहेब, एकवीस कामं लिवलीत. तीन ठेवा. तीन आमी ध्यानात ठेवू." उमेदवार हसत हसत, पण जरा घाईने पुढे गेला.

फक्त एका काटछाटीचा त्यांना राग होता. कारखान्याच्या गच्चीवरून एक डोंगर दिसतो. खडीसाठी तो पोखरत आणलाय. "लहानपनी याच्यामागून सूर्य उशिरा यायचा," ते म्हणाले, "आता लवकर येतो. नको ते कमी करतात साले."

पॅकिंगला तीन बायका आहेत. त्यातल्या उल्हासनगरच्या लाजोआंटी काकांच्या पक्क्या वैरीण. काका रोज टेबलाशी जाऊन खोक्यांची चिकटपट्टी मोजायचे. एकदा आंटी म्हणाल्या, "भोईर, मेरेकोच आधा कर दे ना! वजन कितना बढ़ गया है!" सगळ्याजणी खिदळल्या. काका मात्र न हसता निघून गेले. मला वाटलं, माणसाला विनोद कळत नाही.

मार्चमध्ये साहेबांनी मला जुन्या फायली लावायला सांगितल्या. त्यांत हेड ऑफिसचं दर वर्षीचं एक पत्र होतं. खर्च अमुक इतका कमी करा, जमत नसेल तर माणसं कमी करा. प्रत्येक पत्रामागे काकांच्या अक्षरातली एक यादी टाचलेली. कप, ट्यूब, फॉर्म, चिकटपट्टी. दर वर्षी यादीची बेरीज पत्रातल्या आकड्याला जाऊन भिडलेली. आणि दर वर्षी माणसं तेवढीच.

या वर्षीचं पत्र सगळ्यात वर होतं. आकडा मोठा होता आणि काकांची यादी तोकडी पडली होती. समासात साहेबांनी पेन्सिलीने तीन नावं लिहिलेली होती. पहिलं लाजोआंटींचं.

शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी असते. फायली संपवायला मी गेलो, तर रिकाम्या कारखान्यात कंप्रेसर चालू. आमच्या मशिनी दाबाच्या हवेवर चालतात. पाइपांतून हवा गळते, म्हणून कंप्रेसर अखंड धडधडत असतो. काका शिडीवर उभे राहून एकेका जॉइंटला ब्रशने साबणाचं पाणी लावत होते. गळती असेल तिथे फुगे येतात.

मी शिडीजवळ जाऊन ओरडलो, "काका, एवढे जॉइंट कधी होणार? आवाजावरून शोधा ना. त्या कोपऱ्यात बघा किती सूं करतंय!"

ते खाली उतरले. माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, "कंच्या कोपऱ्यात?"

तेव्हा मला चिठ्ठ्यांचा उलगडा झाला.

"कधीपासून, काका?"

"चार वर्सं. मशिनींच्या आवाजात जिंदगी गेली ना. ऑफिसात बोलू नको. माजाच नंबर लागला तर यादी कोन करंल?" मग ब्रश झटकत म्हणाले, "उद्या सगल्या मशिनी चालू असताना यो कंप्रेसर मदी मदी थांबला पायजे. थांबला तर लायटीचं बिल उतरंल, आकडा बसला. आजवर कदी थांबला नाय."

मी शर्टाच्या बाह्या वर केल्या. मी पाइपाखालून कान देत चालायचो, बोट दाखवायचो. काका शिडी लावायचे, साबण फासायचे. फुगे आले की पाना फिरवायचे. जेवणाचा डबा आम्ही शिडीच्या पायरीवर ठेवूनच खाल्ला. संध्याकाळपर्यंत माझ्या कानाला एकही सूं लागेना.

शनिवारी सगळ्या मशिनी सुरू झाल्या. माझं स्टोअरमध्ये लक्ष नव्हतं, मी दारातच उभा होतो. दहाच्या सुमारास ती धडधड अचानक थांबली. मशिनी चालूच होत्या.

लाजोआंटींनी मान वर केली. "क्या हुआ? कितना शांत लगता है रे!"

काका दुसऱ्या टोकाला उभे होते आणि माझ्याकडे बघत होते. मी हात आडवा हलवला. बंद.

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने बराच वेळ पुसला. मग तरातरा पॅकिंगच्या टेबलाशी गेले आणि एक खोकं उचलून आंटींच्या पुढ्यात धरलं.

"पट्टी बोटभर जास्त लावलीस!"

"मर जा, कंजूस!" आंटी सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल अशा ओरडल्या.

एवढं त्यांनाही ऐकू गेलं असावं. कारण काका हसले.