टेक डाउन

आमच्या विभागाने एका इमारतीचा जिना चुकून पाडला, असं बाहेर बोललं जातं. ते खरं नाही. जिना रीतसर पाडलेला आहे, लेखी शेऱ्यानुसार, आणि तो शेरा मी स्वतः वाचला होता.

मी दुरुस्ती विभागात लिपिक आहे. कार्यालयाच्या मालकीच्या जुन्या इमारतींत जे भाडेकरू राहतात त्यांच्या तक्रारी माझ्या टेबलावर येतात आणि बहुतेक तिथेच मुक्काम करतात. मागच्या वर्षी वरून परिपत्रक आलं की यापुढे फायलींवरचे सर्व शेरे इंग्रजीत असतील. परिपत्रक अर्थातच इंग्रजीत नव्हतं, कारण ते सगळ्यांना समजावं अशी अपेक्षा होती.

आमच्यासाठी दहा दिवसांचा वर्ग ठेवला. शिकवणारे सर म्हणाले, "फ्रेजल व्हर्ब म्हणजे क्रियापदाच्या शेपटीला बांधलेला एक छोटा शब्द. शेपूट बदललं की जनावर बदलतं." मी सगळी यादी घोकली. लुक आफ्टर म्हणजे सांभाळणे. गिव्ह अप म्हणजे सोडून देणे. टेक डाउन म्हणजे उतरवणे, पाडणे. एकाच शेपटीची दोन जनावरं असू शकतात, हे सर अकराव्या दिवशी सांगणार होते. मी वर्गात पहिला आलो.

त्यानंतर आठवड्याभरात शिवणकाम करणारी एक बाई आमच्या साहेबांपुढे आली. दुमजली इमारतीत वरच्या मजल्यावर ती आणि तिच्या ऐंशीच्या सासूबाई, दोघीच राहतात. जिन्याची चौथी पायरी निखळली होती.

"साहेब, एवढी एक पायरी बसवून द्या," ती म्हणाली. "परवा आमच्या सासूबाई पडता पडता वाचल्या. दर सोमवारी त्यांना गुडघ्यांसाठी दवाखान्यात न्यावं लागतं."

साहेब फोनवर होते. त्यांनी डाव्या कानावर फोन धरून उजव्या हाताने तिच्या अर्जावर लिहिलं, 'स्टेअरकेस. टेक डाउन.' आणि अर्ज माझ्याकडे सरकवला.

मी चमकलो. तक्रार एका पायरीची होती. म्हणून खात्री करून घेतली. "साहेब, अख्खा?"

साहेबांनी फोनवर हात ठेवला. "अख्खा. काही गाळू नका."

गुरुवारी मुकादम चार माणसं आणि घण घेऊन गेला. बाई गिऱ्हाइकांचे कपडे पोचवायला बाहेर पडली होती. आवाज ऐकून इमारतीतले लोक जमले. तळमजल्यावर निवृत्त मुख्याध्यापक राहतात. त्यांनी चष्मा लावून आदेश वाचला, "इंग्रजीत आहे, म्हणजे वरून आलंय," असं बाकीच्यांना सांगितलं आणि आपल्या कुंड्या बाजूला घेतल्या. दुपारपर्यंत जिना उतरला.

बाई परतली तेव्हा जिन्याच्या जागी विटांचा ढीग होता. वर दारात सासूबाई उभ्या होत्या.

"आई, हे काय झालं?"

"मला काय विचारतेस? मी त्यांना विचारलं, बाबांनो काय करताय. ते म्हणाले, तुमच्या सुनेचीच तक्रार आहे."

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की सुनेने अर्ज करून सासूला वर कोंडलं. त्या दिवसापासून बाई मुख्याध्यापकांच्या ओसरीत झोपू लागली. शिलाई मशीन वर, गिऱ्हाइकं खाली. बादलीला दोरी बांधून ती वर भाजी, औषधं, पाणी पाठवायची. गुडघ्यांमुळे मशीन चालवता येत नसे, म्हणून त्याच बादलीतून सासूबाई हातांनी टीप घातलेले कपडे खाली सोडायच्या. पहिले दोन दिवस त्या सुनेशी बोलल्या नाहीत. पण कपडे वेळेवर यायचे.

बाई दुसऱ्याच दिवशी कार्यालयात आली. साहेबांनी फाइल मागवली, शेरा वाचला आणि मला आत बोलावलं.

"टेक डाउन म्हणजे लिहून घ्या. तक्रार नोंदवहीत लिहून घ्या, असं म्हटलं होतं मी."

मी वर्गात मिळालेली पुस्तिका पुढे केली.

"अहो, संदर्भ बघायचा असतो."

"बघितला साहेब. संदर्भात जिनाच होता."

साहेब मनाने वाईट नाहीत. त्यांनी लगेच दोन गोष्टी केल्या. एक, सूचना काढली की फायलीवरच्या कोणत्याही फ्रेजल व्हर्बचा संबंध कागदाशीच लावावा, विटांशी लावू नये. दोन, बाईच्या अर्जावर लिहिलं, 'स्टेअरकेस. पुट अप.'

मी पुस्तिका उघडली. पुट अप म्हणजे उभारणे. पण नवी सूचना समोर होती, आणि कागदाच्या भाषेत पुट अप म्हणजे फाइल सादर करणे. मी फाइल सादर केली. साहेबांनी मान वर न करता पुन्हा लिहिलं, 'पुट अप.' मी पुन्हा सादर केली. अकरा दिवसांत ती नऊ वेळा सादर झाली.

"अजून उभा राहिला नाही?" साहेबांनी एकदा विचारलं.

"रोज सकाळी तुमच्या समोर उभी करतो साहेब."

मधल्या काळात तपासनीस जाऊन आले. त्यांनी अहवाल दिला: 'जिन्याची तपासणी वरच्या मजल्यापर्यंत जाऊन करणे आवश्यक आहे. वर जाण्यास जिना नाही. जिना झाल्यावर तपासणी करता येईल. तपासणी झाल्यावर जिना करता येईल.' अहवालात व्याकरणाची एकही चूक नव्हती.

सोमवार आला. दवाखान्यात नेण्यासाठी अग्निशमन दलाची शिडी मागवली. सासूबाईंनी दाराची चौकट धरून ठेवली.

"मी नाही उतरणार. खाली आले की घर रिकामं म्हणून लिहाल. तुमचं इंग्रजी मला येत नाही, पण तुमची चाल कळते."

"आई, गुडघे बघा किती सुजलेत," बाई खालून म्हणाली.

"सुजू देत. घर राहू दे."

शेवटी गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या सुताराला ते बघवेना. त्याच्या मुलींचे कपडे बाईच शिवते. त्याने कोणालाही न विचारता दोन दिवसांत लाकडी जिना ठोकून दिला. बाई वर गेली. सासूबाईंनी तिला दारातच न्याहाळलं, हातातली पिशवी काढून घेतली आणि म्हणाल्या, "वाळलीस. आता बस आधी. आणि यापुढे कुठे तक्रार करायला जाऊ नकोस."

जिना झाल्याचं कळताच साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. फाइल बंद करायला भाडेकरूंचं समाधानपत्र लागतं. ते दीड पानी, इंग्रजीत. एकदा तोंड पोळल्यामुळे या वेळी मी ते शब्दकोश घेऊन वाचलं. जिना कार्यालयाने बांधून दिला, आम्ही समाधानी आहोत, आणि यापुढे इमारतीच्या कोणत्याही दुरुस्तीवरचा हक्क आम्ही गिव्ह अप करतो, असं त्यात होतं. गिव्ह अपला इथे दुसरा अर्थ नाही. मी तीनदा खात्री केली. कोणी विचारलं तर सरळ सांगायचं, असंही ठरवलं. मी काही राक्षस नाही.

पत्र घेऊन मी इमारतीत गेलो. तिथे चौदा बिऱ्हाडं आहेत, तेरा खाली रांगेने आणि वर हे एकच. मुख्याध्यापकांनी चष्मा शोधला, सापडला नाही, तरी सही केली. त्यांच्यामागे बारा जणांनी केली. बाईने कागद हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी उत्तर तयार ठेवलं.

"अहो ताई, करून टाका," मुख्याध्यापक मागून म्हणाले. "सगळ्यांनी केलीय."

तेव्हा तिने प्रश्न विचारला. आधीच्या तेराही जणांनी तोच विचारला होता, आणि परवा बँकेत काउंटरपलीकडून कागद पुढे आला तेव्हा तुम्हीही तोच विचारला होता.

"कुठे करायची?"

मी बोट ठेवून दाखवलं.